रविवारची झाडं, थर्ड शिफ्टची झोप आणि आठ लाखांचा हिशेब

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

या वेळची बहुतेक पत्रं वाळूज, चिकलठाणा, जालना आणि लातूर भागातून आली आहेत. पत्रलेखकांच्या विनंतीवरून त्यांची आणि त्यांच्या कंपन्यांची नावं गाळली आहेत. कारखाना व्यवस्थापन, कामगार कायदा आणि सीएसआर (नफ्यातल्या हिश्शातून कंपन्यांनी करायची समाजाची कामं) प्रकल्प पाहणाऱ्या सल्लागारांनी उत्तरं दिली आहेत.

मी एका कंपनीत एचआरला आहे. दर पावसाळ्यात सीएसआरमधून वृक्षारोपण होतं आणि रविवारी दोन बस भरून माणसं आणा, असा वरून आदेश असतो. पहिल्या वर्षी लोक हौसेनं आले, आता यादी करायला गेलं की तोंड चुकवतात. त्यात अकाउंट्सवाले विचारतात, त्या दिवसाचा पगार सीएसआरच्या खर्चात धरता येईल का? — वाळूज

पगाराचं आधी सांगतो, कारण ते उत्तर एका शब्दाचं आहे: नाही. कर्मचाऱ्यांनी सीएसआरच्या कामात जरूर यावं, पण त्यांच्या वेळेचे पैसे लावून ती रक्कम सीएसआर खर्च म्हणून दाखवता येत नाही, असा कंपनी व्यवहार मंत्रालयाचा स्पष्ट खुलासा आहे. रोपं, खड्डे, कुंपण, टँकर, राखणदार हा खर्च धरता येतो.

आता रविवार. सहा दिवस शिफ्ट करणाऱ्या माणसाला त्या एका दिवसात गॅसचा नंबर लावायचा असतो, पोरांच्या शाळेचं पाहायचं असतं, गंगापूर-वैजापूरकडं आईवडील असतील तर एसटीनं जाऊन रात्रीपर्यंत परत यायचं असतं. त्याला सकाळी सात वाजता बसमध्ये बसवलं, तर घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, अशी त्याची गत होते. तुम्ही त्याला स्वेच्छा म्हणत असाल. पण हजेरी घेतली आणि न आलेल्याला सोमवारी जाब विचारला, की ती स्वेच्छा उरत नाही, ते काम होतं. मग त्याची बदली सुट्टी त्याच महिन्यात द्या, तीही रजिस्टरला लावून. त्याहून सोपं म्हणजे शनिवारी फर्स्ट शिफ्टमधले दोन तास काढा आणि येईन म्हणतील तेवढेच न्या. चाळीस माणसं पुरतात. शंभर नेली तर साठ फोटोतच उभी राहतात.

खरी अडचण माणसांची नाहीच. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल असे ५०० खड्डे म्हणजे ४००० घनफूट, म्हणजे ४० ब्रास खोदाई. आपल्याकडच्या मुरमाड माळावर ऑफिसची माणसं कुदळ घेऊन ती करू शकत नाहीत. म्हणून मग वीतभर खड्ड्यात रोप खोचलं जातं आणि दिवाळीनंतर वाळतं. खड्डे मे महिन्यात मजुरांकडून किंवा यंत्रानं खोदून घ्या, उन्हात तापू द्या, दोन चांगले पाऊस झाल्यावर शेणखत घालून भरा. कर्मचाऱ्यांनी फक्त रोप लावायचं, आळं करायचं आणि बुडाशी पालापाचोळा घालायचा. हे दोन तासांचंच काम आहे.

पुढं पाण्याचा हिशेब. रोपाला एका वेळी १० लिटर म्हटलं तर ५०० रोपांना ५००० लिटर, म्हणजे एक टँकर. जानेवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत आठ दिवसांआड पाणी दिलं तर १८-१९ फेऱ्या होतात, आणि हे निदान पहिले दोन उन्हाळे तरी करावंच लागतं. हा खर्च अंदाजपत्रकात नसेल तर रोपं घेऊच नका. कडुनिंब, करंज, चिंच, वड, बोर, सीताफळ घ्या. गुलमोहराची हौस गेटजवळ भागवा. शेळ्या सीताफळाला सहसा तोंड लावत नाहीत, बाकीच्यांना काटेरी फांद्यांचं कुंपण लागेल. आणि दर जूनमध्ये नव्या जागी जाण्याऐवजी गेल्या वर्षीच्या ५०० पैकी किती जगली ते मोजून तो आकडा नोटीस बोर्डावर लावा. लोक पुन्हा यायला लागतात ते त्या आकड्यामुळं.

आमची प्रायव्हेट लिमिटेड रोलिंग मिल आहे. करपूर्व नफा २०२२-२३ ला २.४० कोटी, २०२३-२४ ला ३.६० कोटी, २०२४-२५ ला ६ कोटी. सीए म्हणतात, आता सीएसआर लागू झालं. किती द्यायचं, कुणाला द्यायचं? एक जण म्हणतो, संस्थेला चेक द्या, थोडे कापून बाकीचे रोख परत देतो. — जालना

त्या एका जणाला आधी वाटेला लावा. दिलेला पैसा ठरल्या कामावरच लागला, याची खात्री संचालक मंडळानं करायची असते आणि कंपनीचं आर्थिक कामकाज पाहणाऱ्यानं तसं प्रमाणपत्र द्यायचं असतं. त्या कागदावर सही तुमच्याच माणसाची असणार.

सीए बरोबर सांगतात. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. लगतच्या आधीच्या वर्षात नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी गाठलं तरी ते लागू होतं. भागीदारी किंवा एलएलपी असती तर लागलं नसतं. तुमच्या तीन वर्षांची बेरीज १२ कोटी, सरासरी ४ कोटी, तिचे दोन टक्के म्हणजे ८ लाख. अनेक जण शेवटच्या वर्षाच्या ६ कोटींवर दोन टक्के काढून १२ लाख धरतात, तर काही जण कर वजा करून कमी धरतात. दोन्ही चूक. नफा कलम १९८ प्रमाणे काढायचा, तो सीएंकडून लेखी घ्या.

रक्कम ५० लाखांच्या आत आहे, म्हणून वेगळी समिती लागत नाही. संचालक मंडळच ते काम करतं. कार्यालयीन खर्च एकूण खर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत, म्हणजे तुमच्या बाबतीत ४० हजार. हा पैसा आयकरात धंद्याचा खर्च म्हणून वजा होत नाही, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून सीएसआरच्या खरेदीवरच्या जीएसटीचं क्रेडिटही मिळत नाही. म्हणजे ८ लाखांत काय बसतं ते करासकट मोजा.

काम कंपनी स्वतः करू शकते. बाहेरच्या संस्थेमार्फत करायचं तर तिची कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची सीएसआर-१ नोंदणी, आयकर खात्याच्या १२ए आणि ८०जी नोंदण्या, आणि अशा कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव पाहा. कागद बघून भागत नाही. त्यांनी दोन वर्षांपूर्वी केलेलं एखादं काम न सांगता जाऊन बघा.

जालन्यासारख्या ठिकाणी ८ लाखांत नीट होणारं काम म्हणजे गावतळ्यातला किंवा पाझर तलावातला गाळ काढणं. यंत्राचा खर्च कंपनीचा, गाळ वाहून नेण्याचा खर्च शेतकऱ्यांचा, ही वाटणी आपल्याकडं रुळलेली आहे. बिघडतं ते मोजमापात. ठेकेदार ट्रॉल्या मोजतो, आणि उकरलेला गाळ फुगतो, त्यामुळं ट्रॉलीतले १०० ब्रास तळ्यात ७५-८० च असतात. म्हणून खोदाईआधी आणि नंतर खड्ड्याचीच लांबी, रुंदी, खोली घ्या, आणि पैसे त्या मापावर द्या, पोकलेनच्या तासांवर नको. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर, तेवढा गाळ निघाला की तळं एकदा भरल्यावर २८३० लिटर पाणी जास्त मावतं. गाळ संपून मुरूम लागला की थांबा. पुढं खोदलं तर तळाचा थर फुटून पाणी निसटतं. भिंतीपासून किती अंतर सोडायचं ते जलसंधारण खात्याच्या अभियंत्याकडून आखून घ्या. शेतकऱ्यालाही आधीच सांगा: एका एकरात चार इंचांचा थर द्यायचा तर सुमारे १४५ ब्रास लागतात. दोन ट्रॉल्या टाकून रान सुधारत नाही.

तळी एप्रिल-मेमध्ये कोरडी असतात आणि तुमचं आर्थिक वर्षही तेव्हाच सुरू होतं, हा योग साधा. मार्चअखेर पैसे उरले आणि काम चालू प्रकल्प (एका वर्षाहून जास्त चालणारा) म्हणून मंजूर केलेलं नसेल, तर उरलेली रक्कम सहा महिन्यांत कंपनी कायद्याच्या अनुसूची ७ मधल्या निधीत भरावी लागते. चालू प्रकल्प असेल तर ३० एप्रिलच्या आत वेगळ्या बँक खात्यात टाकून तीन वर्षांत खर्च करता येते. हे चुकलं तर दंड भरावयाच्या रकमेच्या दुप्पट किंवा एक कोटी, यातला कमी असेल तो.

दर आठवड्याला शिफ्ट बदलते: थर्ड, मग सेकंड, मग फर्स्ट. थर्डला दिवसा झोप लागत नाही, वर पत्र्याची खोली. पहाटे मशिनवर डोळा लागतो. सुपरवायझर म्हणतो, सवय होईल. — बजाजनगर

होत नाही. आठवडाभरात शरीराचं घड्याळ रात्रपाळीला पूर्ण वळत नाही, आणि वळायला लागतं तोवर शिफ्ट बदलते. पहाटे तीन ते पाच ही सगळ्यांचीच पडती वेळ. तो तुमचा आळस नव्हे.

तुमचा क्रमही उलटा आहे. माणसाचं आतलं घड्याळ चोवीस तासांहून किंचित लांब चालतं, म्हणून उशिरा झोपणं जमतं, लवकर झोपणं जड जातं. फर्स्ट, सेकंड, थर्ड असं पुढं सरकणं सोसतं. पण नुसता क्रम फिरवून कंपनीला सुटता येणार नाही, हे कागदावर मांडून बघा. शिफ्ट ७ ते ३, ३ ते ११, ११ ते ७ आणि सुट्टी रविवारी धरू. पुढं सरकणाऱ्या क्रमात फर्स्टकडून सेकंडला आणि सेकंडकडून थर्डला जाताना मध्ये ४८ तास मिळतात. पण थर्ड रविवारी सकाळी ७ ला सुटते आणि फर्स्ट सोमवारी ७ ला लागते, म्हणजे फक्त २४ तास, आणि ती सुट्टी झोपेतच जाते. तुमच्या सध्याच्या क्रमात निदान ३२ तास तरी आहेत. म्हणून मागणी करताना दोन्ही गोष्टी एकत्र मागा: क्रम पुढचा, आणि थर्डच्या आठवड्याची शेवटची रात्र शुक्रवारची. शनिवारच्या रात्रीसाठी राखीव माणसं ठेवावी लागतील; मॅनेजमेंट नेमकं तिथंच अडतं. त्यांना थर्ड शिफ्टचं पहाटेचं रिजेक्शन आणि सोमवारच्या फर्स्टची गैरहजेरी वेगळी काढून दाखवा. वर्कर दमतो, हे वाक्य मीटिंगमध्ये कुणी ऐकत नाही. आकडा ऐकतात.

तोवर तुमच्या हातातलं. शेवटचा चहा रात्री दोनच्या आत घ्या, कारण त्यातलं कॅफीन निम्मं व्हायलाच पाच तास लागतात. जेवण एकच्या सुमाराला, भाजी-भाकरी किंवा वरण-भात. चारचा कॅन्टीनचा वडा टाळा. घरी जाताना गॉगल आणि टोपी घाला, सकाळचं ऊन डोळ्यावर आलं की झोप उडते. साडेआठ ते दीड ही झोप पक्की धरा आणि रात्री साडेआठला तासभर पुन्हा आडवे व्हा. पत्र्यावर पांढरा चुना किंवा जुनी पोती टाकून पाणी मारलं तर खोली जाणवण्याइतकी निवते. खिडकीला काळं कापड लावा. शेजाऱ्यांना आठवड्याचं वेळापत्रकच देऊन ठेवा, बायकोला रोज दारात उभं राहून हटकायला लावू नका.

सुपरवायझरनं करायचं ते वेगळं. तीन ते पाचमध्ये क्रेनची उचल, डाय बदलणं, सेटिंग ही कामं लावू नयेत, आणि आळीपाळीनं वीस मिनिटं डोळे मिटायची परवानगी द्यावी. त्याहून लांबली तर गाढ झोपेतून उठलेला माणूस पंधरा मिनिटं गोंधळलेला असतो. आणि सकाळी सातला दुचाकीवरून लांब जाणाऱ्यांसाठी बस हवीच.

कामगार महिलांच्या मुलांसाठी कारखान्यातच पाळणाघर काढायचं आहे. सीएसआरमधून करता येईल? — शेंद्रा

फक्त तुमच्याच कर्मचाऱ्यांसाठी असेल तर नाही. शिवाय ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तर ती सोय करणं कायद्यानं बंधनकारकच आहे, आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडं जाऊ द्यायचं आहे. कायद्यानं जे द्यावंच लागतं त्याला सीएसआरचा शिक्का लागत नाही. शेजारच्या गावातल्या अंगणवाडीची इमारत, पंखे, स्वच्छतागृह हे सीएसआरमधून करा. त्यात तुमच्या काही कामगारांची मुलं ओघानं आली तर हरकत नाही. पाळणाघर मात्र तुमच्या खर्चानं.

ऑर्डर वाढली म्हणून सगळ्यांना बारा तास थांबवतो. ओटी (ओव्हरटाइम) देतो, तरी माल त्या प्रमाणात निघत नाही. माणसं कामचुकार झाली आहेत का? — चिकलठाणा, सीएनसी शॉप

उदाहरणाचे आकडे धरू, तुमचे घालून पाहा. आठ तासांत एका मशिनवर ९६ जॉब निघतात, ३ रिजेक्ट, ९३ चांगले. बारा तासांत १३२ निघतात, ११ रिजेक्ट, १२१ चांगले. तासाला ११.६ वरून १०.१ वर आलात. पण खरी गंमत पुढं आहे. ओटी दुप्पट दरानं, म्हणजे वरच्या चार तासांची मजुरी आठ तासांइतकी. जेवढ्या मजुरीत आधी ९३ जॉब मिळाले, तेवढ्याच मजुरीत आता २८ मिळाले. एका जादा जॉबची मजुरी ३.३ पट. वाया गेलेलं मटेरियल आणि इन्सर्ट (मशिनचं कापणारं पातं) वेगळंच.

आधी आठ तासांतली गळती शोधा. मशिनजवळ एक फळा टांगा आणि सहा दिवस फक्त थांबलेली मिनिटं कारणासकट लिहायला सांगा: मटेरियल नाही, गेज दुसऱ्याकडं आहे, सेटर आला नाही, इन्सर्ट स्टोअरला आहे आणि स्टोअरवाला जेवायला गेलाय. ऑपरेटरचं नाव लिहू नका. नाव आलं की लोक थांबलेलं मशिनही चालू लिहितात. एका जॉबला चार मिनिटं लागत असतील आणि दिवसाकाठी ४० मिनिटं वाचली तर १० जॉब फुकट मिळाले. दुसरं गेज घेणं, शिफ्ट सुरू होण्याआधी मटेरियल मशिनशी आणून ठेवणं, सेटरची वेळ एक तास अलीकडं घेणं, यातच बहुतेक निघून येतं.

एक गोष्ट मात्र कुणी तुमच्या तोंडावर सांगणार नाही. ओटी ही आता त्यांच्या घरच्या हिशेबातली रक्कम झाली आहे. मोटारसायकलचा हप्ता, बचत गटाचा हप्ता त्यावर चालतो. आठ तासांत काम उरकलं तर ओटी जाणार, हे कळत असताना कोण उरकेल? त्याला कामचुकारपणा म्हणू नका, तो सरळ हिशेब आहे. म्हणून वाचलेल्या ओटीतला ठरावीक हिस्सा चांगल्या जॉबवरचा इन्सेन्टिव्ह म्हणून आधी जाहीर करा, मगच तास कमी करा. उलट क्रमानं केलंत तर तुमची बरी माणसं शेजारच्या प्लॉटवर जातील. आठवड्याला ४८ तास आणि वरच्या तासांना दुप्पट दर ही चौकट जुन्या कारखाना कायद्यातही होती, नव्या श्रमसंहितेतही आहे.

रात्री अकरालाही ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज येतात. उत्तर न देण्याचा हक्क आहे का? — नांदेड

तसा कायदा भारतात नाही. साहेबांशी तत्त्वावर वाद घालू नका, व्यवहाराचं बोला: तातडीचं असेल तर फोन करा, मी उचलेन, ग्रुपवरचं सकाळी साडेनऊला बघून दहापर्यंत उत्तर देतो. आणि दहाला खरोखर द्या. एक आठवडा चुकला की पुन्हा रात्रीचं सुरू होतं.

तीन वर्षांपूर्वी एका कंपनीनं गावाला सीएसआरमधून आरओ प्लांट दिला. दीड वर्षात बंद पडला. आता दुसऱ्या कंपनीकडं मागायचा आहे. अर्जात काय लिहावं? — सरपंच, औसा तालुका

नवा मागण्याआधी जुना का बसला ते बघा. बहुधा बोअरचं पाणी जड, आणि क्षार जमू न देणारं रसायन संपल्यावर कुणी आणलं नाही, म्हणून मेंब्रेनवर, म्हणजे पाणी गाळणाऱ्या पडद्यावर, क्षार बसला. वाळूचा फिल्टर रोज दहा मिनिटं उलटा धुवावा लागतो, काडतूस फिल्टर महिन्या-दोन महिन्यांनी बदलावा लागतो, मेंब्रेन दोन-तीन वर्षांनी. टाकी, मोटार, सांगाडा शाबूत असेल तर नव्या प्लांटपेक्षा दुरुस्ती कितीतरी स्वस्त पडेल.

दुसरं म्हणजे पाणी तपासा, भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत. विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत आणि नायट्रेट ४५ च्या आत असेल तर आरओची गरजच नाही, क्लोरिन पुरेल. आरओ लागलाच तर ध्यानात ठेवा, ताशी ५०० लिटर देणारा प्लांट साधारण १००० लिटर ओढतो आणि निम्मं खारं पाणी बाहेर टाकतो. ते भांडी आणि संडासाला वापरा, झाडांना घालू नका. मार्चनंतर बोअर तेवढं देतं का, हे अर्ज करायच्या आधी बघा.

मग हिशेब. शंभर घरं रोज २० लिटरचा जार ५ रुपयांनी नेत असतील तर महिन्याला १५ हजार जमतात. चालकाला ६ हजार, वीज ३ हजार, फिल्टर आणि रसायन २ हजार धरले तर ४ हजार उरतात, वर्षाला ४८ हजार. त्यातून मेंब्रेन येतं. ही रक्कम वेगळ्या खात्यात, दोन सह्यांनी. फुकट पाणी वाटायची घोषणा केलीत तर हा प्लांटही दीड वर्षात बसेल.

अर्ज एका पानाचा करा: तपासणी अहवाल, घरांची संख्या, बोअरचं उन्हाळ्यातलं पाणी, वरचा हिशेब, ग्रामसभेचा ठराव, जागेचा उतारा. प्लांटबरोबर तीन वर्षांची देखभाल मागा, कंपनीला ते चालू प्रकल्प म्हणून मंजूर करता येतं. मालमत्ता ग्रामपंचायतीच्या नावावर करून घ्या. आणि अर्ज एप्रिल-मेमध्ये द्या, कंपन्यांचं वर्षाचं वाटप तेव्हा ठरतं. फेब्रुवारीत गेलात तर उरलेसुरले पैसे मिळतील, आणि त्यात देखभाल बसत नाही.